बाटली शेवटी घ्या: गाडीला नायट्रस किट निवडताना आणि वापरताना

कोल्हापुरात नायट्रसचा, म्हणजे इंजिनाला काही क्षण जादा ताकद देणाऱ्या बाटलीतल्या वायूचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "जाळ अन् धूर संगटच!" ऐकायला भारी वाटतं. पण उद्यमनगरात मशीनशॉपवर ज्यांनी ब्लॉक बोअरिंगला आलेले बघितलेत, त्यांना जाळ आणि धूर खरोखर संगट निघाले की पुढं काय होतं ते माहीत असतं. माझ्या टेबलाच्या खणात एक पिस्टन ठेवलाय. एक्झॉस्टच्या बाजूची कड मेणासारखी ओघळलेली, वरच्या दोन रिंगांमधला पट्टा तुटून गेलेला. इंजिन १२०० सीसीचं, किट चांगल्या कंपनीचं, जेटही (वायू आणि पेट्रोल किती जाईल ते ठरवणारं बारीक छिद्राचं तोंड) बरोबर होता. गाडी रेव्ह लिमिटरला, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेला, लागली, ईसीयूनं (इंजिनाच्या कॉम्प्युटरनं) पेट्रोल तोडायला सुरुवात केली आणि नायट्रस मात्र चालूच राहिला. त्या पोरानं बाटलीवर पैसे घातले होते, पण आरपीएमची मर्यादा ओलांडली की किट बंद करणाऱ्या छोट्या स्विचवर घातले नव्हते.

म्हणून या लेखाचा क्रम जाहिरातीच्या उलटा आहे. संरक्षण आधी, ताकद नंतर, बाटली सगळ्यात शेवटी.

गाडी रस्त्यावरची की ट्रॅकवरची, हे आधी ठरवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळंच लागतं. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात.

याचा अर्थ सरळ आहे. किट बसवलेली गाडी तावडे हॉटेलजवळच्या हायवेवर, रंकाळ्याच्या कडेनं किंवा गगनबावड्याच्या घाटात चालवायची नाही. ज्या गाडीनं आईला दवाखान्यात नेता, पोरांना शाळेत सोडता, ती तर या कामाला काढूच नका. एखादी जुनी, साधी, इंजिनानं धडधाकट गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवा आणि ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर घालून न्या. आपल्या गावाला रेसिंग नवीन नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक इथंच आहे. कृष्णराज महाडिक आणि ध्रुव मोहिते ही पोरं इथून निघून सर्किटवर पोचली. कार्टिंगचा ट्रॅक नायट्रसच्या गाडीसाठी नव्हे, पण ब्रेक कुठं मारायचा आणि गाडी कशी सावरायची हे शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. नायट्रसला सरळ, बंद धावपट्टी लागते. तिथंही आयोजकांची परवानगी, त्या वर्गाचे नियम आणि गाडीची तपासणी हे सगळं आधी विचारून घ्यायचं.

हा वायू नेमकं काय करतो

नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही. तो स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. हवेत वजनानं साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनाच्या उष्णतेनं सुमारे ३०० अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटू लागतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताना उणे ८८ अंशांवर उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी उंचावरच्या विरळ हवेत हीच युक्ती वापरली होती.

आता यातलं मर्म. ऑक्सिजन वाढला की त्याच्या हिशेबानं पेट्रोलही वाढलंच पाहिजे. पेट्रोल कमी पडलं की ज्वाला जास्त तापते, नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप भडका उडून ठोके पडणं) सुरू होतं आणि पिस्टन वितळतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ॲल्युमिनियम वितळायला किती तापमान लागतं हे सांगायला नको, ६६० अंश. जळत्या मिश्रणाचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. पिस्टन टिकतो तो केवळ उष्णता वेळेवर निघून जाते म्हणून. बंदूक, बाटली, निळा धूर हे सगळं सिनेमातलं. खऱ्या आयुष्यात नायट्रस म्हणजे पेट्रोलच्या पुरवठ्याची परीक्षा.

इंजिन पेलेल का?

किटच्या आधी इंजिनाची तपासणी. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर किटचे पैसे ओव्हरहॉलिंगला लावा. नंतर लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून दाब कुठं गळतो ते बघणं. तेल खाणारं इंजिन असेल तर थांबाच, कारण जळणाऱ्या तेलानं पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो आणि नॉकिंग आणखी लवकर सुरू होतं. कूलंट, रेडिएटर, इंजिन माउंट, क्लच प्लेट हे सगळं बघा. क्लच घसरायला लागला असेल तर नायट्रस त्याला एका दुपारी संपवतो.

किती हॉर्सपॉवरचा शॉट, म्हणजे नायट्रसनं मिळणारी जादा ताकद, घ्यायचा, यावर जरा थांबू, कारण इथंच बहुतेक जण फसतात. नायट्रस जवळपास ठरावीक हॉर्सपॉवर देतो, आरपीएम कितीही असो. म्हणजे आरपीएम जितका कमी, तितका टॉर्क जास्त. ४० हॉर्सपॉवरचा शॉट ६००० आरपीएमला साधारण ४७ न्यूटन मीटर टॉर्क वाढवतो. तोच शॉट ३००० ला दाबला तर वाढतात ९५ न्यूटन मीटर. १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा मूळ टॉर्कच ११० ते ११५ च्या घरात असतो. म्हणजे कमी आरपीएमला बटण दाबणारा माणूस कनेक्टिंग रॉडवर एका क्षणात जवळपास दुप्पट भार टाकतो. रॉड वाकतो, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

मूळ कास्ट पिस्टन असलेल्या चार सिलिंडरच्या १२०० ते १५०० सीसी इंजिनाला माझं मत विचाराल तर सुरुवात २५ ते ३५ हॉर्सपॉवरनं करा. १५०० च्या वर, चांगल्या अवस्थेतलं इंजिन असेल तर ५० ला थांबा. तालमीत वस्ताद पहिल्याच दिवशी कुणाला हजार जोर काढायला लावत नाही. सीएनजीवर चालणारी गाडी या कामाला घेऊ नका. टर्बोच्या गाडीला नायट्रस चालतो, पण तिथं बूस्ट, टायमिंग आणि नायट्रस असे तीन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात, पहिल्या किटसाठी ते नको.

ड्राय, वेट की डायरेक्ट पोर्ट

ड्राय किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस जातो, जादा पेट्रोल मूळ इंजेक्टरनं द्यायचं असतं. त्यासाठी ईसीयूचं ट्यूनिंग लागतं आणि इंजेक्टरमध्ये तेवढी क्षमता उरलेली असावी लागते. फायदा असा की इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचत नाही.

वेट किटमध्ये नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून, दोन वेगळ्या सोलेनॉइडमार्फत (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमार्फत) जातात. ईसीयूवर भार कमी पडतो, म्हणून नवख्याला हे सोपं वाटतं. पण आजच्या गाड्यांची प्लास्टिकची मॅनिफोल्ड फक्त हवेसाठी घडवलेली असतात. वळणावर पेट्रोल साचलं तर एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी जातं, आणि बॅकफायर झाला तर मॅनिफोल्ड फुटतं. नोझल थ्रॉटल बॉडीच्या आधी साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, शक्य तितक्या सरळ नळीत बसवायचा.

डायरेक्ट पोर्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल. वाटणी उत्तम, पण मॅनिफोल्डला छिद्रं पाडावी लागतात आणि खर्च वाढतो. ५० हॉर्सपॉवरसाठी त्याची गरज नाही.

माझी निवड? ईसीयू रीमॅप करणारा भरवशाचा ट्यूनर असेल तर ड्राय, छोट्या शॉटसाठी. नसेल तर वेट, आणि सोबत पेट्रोलच्या प्रेशरचा सेफ्टी स्विच घेतलाच पाहिजे. एनओएस, नायट्रस एक्स्प्रेस, झेक्स ही नावं जगभर चालतात. वापरलेलं किट घेत असाल तर सोलेनॉइड नवे घ्या. आतलं सील कडक झालेला सोलेनॉइड बाहेरून नव्यासारखाच दिसतो.

इथं एक गोष्ट बजावून सांगतो, कारण ती परदेशी किटच्या पुस्तिकेत सापडत नाही. किटसोबत जेटचा तक्ता येतो, तो त्यांच्याकडच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. आपल्या पंपावर ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे तितक्याच ऑक्सिजनला ८ ते ९ टक्के जास्त इंधन हवं. तक्त्यातला पेट्रोल जेट जसाच्या तसा लावला तर मिश्रण पहिल्या दिवसापासून कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी. म्हणून एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर लावा आणि तो लॅम्ब्डावर वाचा (१ म्हणजे हवा आणि इंधन बरोबर, १ च्या खाली इंधन जास्त), हवा-पेट्रोलच्या आकड्यावर नव्हे. इंधन बदललं तरी लॅम्ब्डाचा अर्थ बदलत नाही. नायट्रस चालू असताना ०.८० ते ०.८२ च्या आसपास सुरुवात करा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं असेल तर ट्यूनिंगलाही तेच, शर्यतीलाही तेच. मध्येच बदल नाही.

बाटली आणि आपला उन्हाळा

बाटलीत नायट्रस दाबानं द्रव झालेला असतो, आणि तो दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना साधारण ५० बार, ३० अंशांना ६३ बार. ३६.४ अंशांना तो ७२ बारच्या थोडा वर पोचतो आणि त्यापुढं द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत ३६ अंश म्हणजे काहीच नाही. उलट डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना दाब ४५ बारवर येतो.

याचा परिणाम थेट इंजिनावर. वेट किटमध्ये पेट्रोलचा दाब तोच राहतो. बाटली तापली की नायट्रस जास्त जातो, पेट्रोल तेवढंच, मिश्रण कोरडं. थंड बाटलीनं उलट, ताकद कमी आणि मिश्रण ओलं. म्हणजे जानेवारीत ट्यून केलेली गाडी मे महिन्यात तशीच पळवली तर ती वेगळीच गाडी असते. किट बनवणारे साधारण ६२ ते ६९ बार, म्हणजे ९०० ते १००० पीएसआय ही खिडकी सांगतात. ड्रायव्हरला दिसेल असा प्रेशर गेज बसवा आणि खिडकीबाहेर असाल तर किट चालू करू नका. थंडीत दाबावर चालणारा आपोआप बंद होणारा हीटर घ्या. ब्लोअर, गॅसची शेगडी, गरम पाण्याची बादली, उन्हात ठेवलेली बाटली हे कुठलेही जुगाड नको, यात माणसं मेलेली आहेत. उन्हाळ्यात बाटली सावलीत, ओल्या फडक्याखाली, आणि गाडी पार्क करून निघताना ती डिकीत कधीच ठेवायची नाही.

भरणं ही आपल्याकडची खरी अडचण. दाबाच्या बाटल्यांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. बाटलीची रचना मान्यताप्राप्त हवी आणि भरणारा परवानाधारक हवा. दवाखान्याचा नायट्रस भुलेसाठी असतो, तो तिकडून वळवणं गुन्हाही आहे आणि कुणाच्या तरी ऑपरेशनच्या टेबलावरची चोरीही. केकच्या क्रीमसाठीच्या छोट्या आठ ग्रॅमच्या कुप्या मोटारीच्या कामाच्या नाहीत. कायदेशीर भरणा मिळत नसेल तर तिथंच थांबा, किट नंतर घ्या.

बाटली वजनावर भरतात, दाबावर नाही. रिकामी आणि भरलेली दोन्ही वजनं स्वतः काट्यावर बघा. ठरल्यापेक्षा जास्त भरलेल्या बाटलीत फुगायला जागा नसते आणि तापली की दाब झपाट्यानं चढतो. तळाशी किंवा खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची तारीख बघा, पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा चाचणी. अंदाज म्हणून सांगतो, ५० हॉर्सपॉवरचा शॉट १० सेकंदांत साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम गॅस खातो.

बसवताना बाटलीचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, थोडं वर उचललेलं, आणि लेबल वर. आतली सायफन नळी तळाच्या मागच्या कोपऱ्याकडे वळलेली असते. गाडी झेपावली की द्रव मागं जातो आणि नळीचं तोंड बुडालेलं राहतं. पट्टे आणि ब्रॅकेट गाडीच्या पत्र्यातून आरपार बोल्ट घालून, खालून जाड वॉशर प्लेट लावून बसवा.

हॅचबॅक असेल तर पुढचं अजिबात टाळू नका. बाटलीच्या व्हॉल्व्हवर सुरक्षा चकती असते, दाब फार वाढला की ती फुटते आणि सगळा गॅस बाहेर पडतो. हॅचबॅकची डिकी म्हणजे केबिनच. बंद केबिनमध्ये चार-पाच किलो नायट्रस सुटला तर ऑक्सिजन उरत नाही आणि ड्रायव्हरला कळायच्या आत शुद्ध हरपते. म्हणून त्या चकतीला गाडीच्या खाली, बाहेर जाणारी व्हेंट नळी जोडायची. मोटारीसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये हुंगू नये म्हणून अनेकदा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो. मजा म्हणून हुंगणारे भेटतात, त्यांना सांगा की नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि मज्जातंतूंचं नुकसान होतं.

नळ्या आणि वायरिंग

नळी आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची वीण असलेली. तिला बॅटरीच्या पॉझिटिव्ह केबलपासून आणि स्टार्टरपासून लांबून न्या, कारण स्टीलची वीण घासून शॉर्ट झाली तर आत ऑक्सिडायझर आणि बाहेर ठिणगी. एक्झॉस्टपासूनही लांब. शंकूच्या आकाराचं तोंड असलेल्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका, तिचा तुकडा सोलेनॉइडमध्ये अडकून तो उघडाच राहू शकतो. आणि कुठल्याही सांध्याला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, उद्यमनगरातल्या सवयीनं हात लगेच ग्रीसच्या डब्याकडे जातो, तो आवरा.

वायरिंगमध्ये सगळं एका साखळीत बसवा, म्हणजे एक कडी तुटली तरी किट बंद. झाकण असलेला मुख्य स्विच, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच लागणारा स्विच, आरपीएमचा विंडो स्विच (ठरलेल्या दोन आरपीएमच्या मध्येच किट चालू ठेवणारा), पेट्रोल प्रेशर स्विच, मग रिले आणि फ्यूज. हाताच्या बटणावर चालणारं किट मी कुणालाही बसवून देत नाही. विंडो स्विचची खालची मर्यादा ३५०० च्या आसपास, वरची रेव्ह लिमिटरच्या ४०० ते ५०० आरपीएम आधी. खणातला पिस्टन आठवा. ट्रॅक्शन कंट्रोल असलेली गाडी चाक घसरलं की पेट्रोल किंवा थ्रॉटल तोडते, तिचाही विचार ट्यूनरशी बोलून करा.

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट, इथं हमखास गोंधळ होतो. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. नायट्रसमध्ये ज्वाला वेगानं पसरते म्हणून इग्निशन टायमिंग मागं घ्यावं लागतं. ५० हॉर्सपॉवरला २ अंश ही प्रचलित सुरुवात. नॉक सेन्सर सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका, तो नॉकिंग झाल्यावर जागा होतो.

पहिली चाचणी

रोलिंग डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र), आणि त्यासाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावं लागलं तरी जा. आधी किट बंद ठेवून तीन वेळा गाडी पळवा आणि आकडे लिहून ठेवा. पेट्रोलचा दाब शेवटपर्यंत टिकतो का बघा. लिमिटरजवळ तो खचत असेल तर पंप बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग सर्वात छोटा जेट. इंजिन पूर्ण तापलेलं, वरचा गिअर, ४००० च्या पुढं. दोन-तीन सेकंद नायट्रस आणि लगेच बंद. प्लग काढून भिंगाखाली बघा. पोर्सेलिनवर काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते नॉकिंगचं लक्षण, ॲल्युमिनियमचे कण पिस्टनवरून उडालेले असतात. ठिपके दिसले की त्या दिवशीची चाचणी संपली.

धावपट्टीवर हेल्मेट, पट्टे, हाताला लागेल असं अग्निशामक, बाटली उघडायला हातमोजे. द्रव नायट्रस अंगावर उडाला तर कातडी गोठून जखम होते.

धाव संपली की आधी बाटलीचा व्हॉल्व्ह हातानं बंद करा, मग नळीतला गॅस पर्ज करून सोडा, मग मुख्य स्विच बंद. व्हॉल्व्ह चुकून रात्रभर उघडा राहिला असेल तर सकाळी चावी फिरवू नका. सोलेनॉइड झिरपत असेल तर मॅनिफोल्ड नायट्रसनं भरलेलं असतं. इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, थ्रॉटल उघडा धरून इंजिन थोडा वेळ नुसतं फिरवा, मगच स्टार्ट करा. घरी आल्यावर बाटली उतरवून वजन करा आणि वहीत लिहा: तारीख, हवेचं तापमान, बाटलीचा दाब, जेट, लॅम्ब्डा, किती सेकंद वापरली, किती ग्रॅम गेला. सेकंदांच्या हिशेबापेक्षा जास्त गेला असेल तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी घ्या आणि प्रत्येक सांध्यावर फिरवा.